कडेचे केस

केस बसवणं म्हणजे खोटं बोलणं का? प्रश्न फालतू वाटेल. पण अकोल्याच्या अभ्यासवर्गात यावर दोन तास वाद झाला, चहा थंड झाला, आणि काहीच मिटलं नाही. म्हणून लिहायला बसले.

कुठले केस, ते आधी सांगते. कपाळाच्या वर आणि कानशिलापाशी, जिथं कातडी संपते नि डोकं सुरू होतं, तिथं बारीक, आखूड, मऊ केसांची एक ओळ असते. हे केस वेणीत येत नाहीत, आंबाड्यात येत नाहीत, पिनेला दाद देत नाहीत. ज्यांचे केस सरळ, त्यांची ही ओळ मुकाट पडून राहते. ज्यांचे कुरळे, त्यांची उभी राहते, गोल फिरते, वारा नसला तरी हलते. आमच्याकडं तिला ठरलेलं नाव नाही. माझी माय ‘लव’ म्हणते. गिरणीतल्या बाया ‘बारके केस’ म्हणतात. नव्या पोरी मोबाइलमध्ये बघून ‘बेबी हेअर’ म्हणायला लागल्यात. मी कडेचे केस म्हणते. (कडेचे केस आणि गावाच्या कडेची वस्ती अशी एक उपमा मला सुचली होती. कवितेत घातली नि काढून टाकली. केस म्हणजे वस्ती नव्हे. वस्तीला रस्ता लागतो, नळ लागतो.)

बसवायची रीतही सांगते, कारण आपले लोक रीत न बघताच तत्त्वज्ञान सांगतात. बोट ओलं करायचं. खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर चोळायचा, थेंबच, जास्त नाही, नाहीतर कपाळ तळल्यासारखं दिसतं. दात घासायचा जुना ब्रश धुऊन ठेवलेला असतो, तो घ्यायचा आणि थोडे थोडे केस कपाळावर अर्धगोल वळवायचे. वरून सुती फडकं बांधून दहा मिनिटं घरातलं काम करायचं. ओढायचं मात्र नाही. रोज ताणून बांधलं की केस मुळापासून सुटतात आणि कपाळ मागं सरकत जातं. ज्यांनी वीस वीस वर्षं घट्ट आंबाडा बांधून काम केलं त्या बायांची कानशिलं बघा.

मी अमरावतीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा सांधायचा, पुढं सरकायचं, परत सांधायचा. कोरड्या हवेत कापूस ठिसूळ होतो, धागा जास्त तुटतो, म्हणून आमच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास. बाहेर मे महिन्यात वऱ्हाड भट्टीसारखं तापलेलं, आणि आत ओलसर गरमी. ही ओल सुताला मानवते, पण केसांची तिच्याशी वेगळीच दोस्ती. केसात केराटिन नावाचं प्रथिन असतं. त्यातले काही बंध पाण्यानं सुटतात आणि वाळल्यावर नव्यानं बसतात. म्हणून ओल्या बोटानं केस वळतो. म्हणूनच दमट हवेत तो आपल्या मूळच्या वळणावर परत जातो. मूळचं वळण हे केस ज्या खळग्यातून उगवतो त्याचं असतं. खळगा वाकडा, तर केस कुरळा. सकाळी घरी बसवलेले माझे कडेचे केस पाळी सुरू होऊन तासभर झाला की उठून उभे. त्यावर कापसाची उडती रुई बसते. दुपारी आरशात बघावं तर कपाळाभोवती पांढरी झालर.

आता वाद. एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, “ताई, केस बसवता तेवढ्या वेळात चार पानं वाचून होतील.” त्याची मिशी कात्रीनं नेमकी कापलेली होती, भांग पाडलेला होता, ते सोडा. दुसरा म्हणाला, केस बसवणं म्हणजे सवर्णांच्या आरशात बघणं. कुरळे केस मोकळे सोडा, अँजेला डेव्हिससारखे. हे ऐकायला फार छान वाटतं. पण पहिला म्हणतो वेळ घालवू नका, दुसरा म्हणतो मोकळे सोडा, आणि घरी माय म्हणते, “काहून वं, डोक्शावर पाखरानं घरटं केलं काय? तेल चोपड.” डोकं माझं, हुकूम तिघांचे. त्यातल्या त्यात मायचा हुकूम मला कळतो. ती मला मान खाली घालायला सांगत नाही, रस्त्यावरचा टोमणा चुकवायला सांगते.

तो टोमणा कुठून आला ते बघितलं पाहिजे. ‘झिपरी’, ‘पिंजारलेली’, ‘अवदसा’ हे शब्द कुठल्या पोरीवर आधी पडतात हे वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात दिसेल. पण कुरळे केस काही जातीचे नसतात. आमच्या खात्यात सगळ्या जातींच्या बाया आहेत, त्यात सरळ केसांच्याही आहेत, कुरळ्यांच्याही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांची मापं तपासून दाखवलं की अस्पृश्य हा वेगळा वंश नाही. ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. नाकात जात नाही, तर केसात कुठून येईल?

तरी पिंजारलेल्या डोक्याला जात चिकटली. कशी? पाण्यानं. ज्यांना तळ्यावर, विहिरीवर जाऊ दिलं नाही, त्यांनी डोकं कशानं धुवायचं? ज्यांच्या घरी भाजीला तेल नाही त्यांनी केसांना कुठलं लावायचं? दिवसभर उन्हात निंदण, कापूस वेचणी, डोक्यावर भारा, चुंबळीनं घासलेली टाळू. आधी पाणी बंद करायचं, मग केस रुक्ष झाले की त्या केसांनाच नावं ठेवायची. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते पिण्यासाठी होतं, माणूसपणासाठी होतं. मी त्यात आणखी एक गोष्ट बघते. पाणी म्हणजे धुतलेलं डोकं.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. तिच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी मुलगी कशी बघावी हे लिहिलंय. पिंगट केसांची नको, अंगावर फार लव असलेली नको, लव नसलेलीही नको, नाजूक केसांची आणि बारीक दातांची करावी. म्हणजे बाईच्या लवेचा हिशेबसुद्धा त्या पोथीत होता. पोथी जळाली. मुलगी बघायला आलेली बाई अजून पोरीचा पदर सरकवून केस बघते. आपल्यातही बघते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आणि केसांना हात कुणी लावायचा? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी साताऱ्याची हकीकत सांगितली आहे. गावात न्हावी होते, घरात पैसे होते, तरी एकही न्हावी त्यांचे केस कापायला तयार नव्हता. मोठी बहीण कापायची, कापून कापून तिचा हात बसला होता. सैन्यातल्या सुभेदाराचं घर ते. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत पुढं जे डोकं गेलं, त्याला पहिल्यांदा आकार दिला तो एका बहिणीच्या कात्रीनं. त्या बहिणीवर मला कविता लिहायची आहे, अजून जमत नाही.

न्हाव्याला एकट्याला शिव्या देऊन भागत नाही. तो बलुतेदार, गावाच्या दाण्यावर जगणारा. आमच्या डोक्याला हात लावला तर त्याचं बलुतं बंद. आणि याच समाजातल्या कारागिरांनी एकदा मोठा नकारही दिला आहे. सवर्ण विधवांचं डोकं भादरायची रूढी होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांनी सभा घेतली आणि आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. लोखंडे हे सत्यशोधक आणि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पहिल्या संघटनेचे संस्थापक. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, तीही त्यांच्याच लढ्यानं. बाईच्या डोक्यावर केस राहू द्या आणि ते धुवायला आठवड्यातून एक दिवस द्या, या दोन मागण्या एकाच माणसानं एकाच वर्षात पुढं नेल्या. माझी सुट्टी दर आठवड्याला रविवारीच येते असं नाही. पण न्हायचा दिवस आला की मला लोखंडे आठवतात.

आता अवघड जागा. महाडला डिसेंबर १९२७ मध्येच बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले होते. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, गळ्यातली जाड सरी, कोपरापर्यंतची गोठपाटल्यांची ओझी उतरवा, स्वच्छ राहा. बायांनी ते ऐकलं, तिथंच नेसण बदललं. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला बायांची अखिल भारतीय परिषद झाली, तेव्हाही ते स्वच्छतेवर बोलले. त्या परिषदेच्या अध्यक्ष आमच्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या बायांना रजा द्या, इजा झाली तर भरपाई द्या, असा ठराव तिथं झाला. केसांचा विषय क्षुल्लक म्हणणाऱ्या मित्रानं हे लक्षात घ्यावं. अंगावर काय घालायचं आणि कामावर काय मिळवायचं, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या बाया एकाच मांडवाखाली बोलत होत्या.

पण मग केस बसवणं हेही महाडचंच पाऊल का? मी यावर पुष्कळ विचार केला. सरी, पाटल्या, गुडघ्याच्या वरचं लुगडं या खुणा गावानं आमच्या अंगावर लादलेल्या होत्या. लादलेली वस्तू उतरवता येते, उतरवून फेकता येते. केस कुणी लादलेले नाहीत. ते माझ्या खळग्यातून येतात, कापले तरी तसेच येतात. बाहेरून लावलेल्या पाटीसाठी जो उपाय आहे तो अंगातून उगवणाऱ्या गोष्टीला जसाच्या तसा लावला, तर माणूस आपल्याच अंगावर मोर्चा काढेल. मला वाटतं महाडचं खरं तत्त्व असं, की मला बघून माझी पायरी ठरवायची सोय समोरच्याला उरू नये. सरीच्या बाबतीत ही सोय सरी उतरवून मोडते. केसांच्या बाबतीत ती केस दाबून मोडत नाही, कारण उद्या सकाळी ते पुन्हा उभे असतात आणि सोय शाबूत असते.

हा गुंता आपल्या आधी दुसऱ्या बायांनी भोगला आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, १८६१ ते १८६५, तेव्हा गुलामांनी वेचलेला तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या जिनांची, पेठांची भरभराट त्या काळानंतरची. त्या कापसाच्या मळ्यांतल्या काळ्या बायांचं नि आपलं हे जुनं नातं, कुणी न सांगितलेलं. त्यांचे केस आपल्या कुरळ्यांहून कितीतरी घट्ट वळणाचे. १७८६ मध्ये लुइझियानाचा गव्हर्नर मिरो यानं हुकूम काढला की न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र काळ्या बायांनी केस फडक्याखाली झाकावेत. त्यांनी झाकले, पण अशी रंगीबेरंगी, डौलदार फडकी बांधली की हुकमाचाच फज्जा. मॅडम सी. जे. वॉकर १८६७ मध्ये कापसाच्या मळ्यावर जन्मली, धुणी धुऊन पोट भरलं, डोक्याला लावायचं मलम विकून श्रीमंत झाली, १९१९ मध्ये वारली. तिच्या पद्धतीत गरम कंगवाही होता, म्हणून तिच्यावर अजून वाद आहे. माल्कम एक्सनं आपल्या आत्मचरित्रात तरुणपणी जळजळीत क्षार लावून केस सरळ केले ते सांगितलं आणि त्याला स्वतःची विटंबना म्हटलं. मग १९६० च्या दशकात मोकळे, गोल, उभे केस आले, काळं ते सुंदर म्हणत. १९६६ मध्ये ब्लॅक पँथर आणि १९७२ मध्ये आपली दलित पँथर, हे तुम्हांला सांगायला नको.

मला मात्र त्यांच्या कडेच्या केसांनी विचारात पाडलं. १९२० च्या दशकात पॅरिसच्या रंगमंचावर जोसेफिन बेकर कपाळावर नि गालावर चपटे अर्धगोल चिकटवून उभी राहायची. पुढं काळ्या बायांनी, तिथल्या मेक्सिकन पोरींनीही, ब्रश नि चिकट मलम घेऊन कडेच्या केसांच्या लाटा काढल्या. नीट बघा, यात केस लपवलेले नाहीत. जी कड झाकायला सांगितली तिथंच नक्षी काढली आहे. सरळ केसांच्या बाईला ती नक्षी जमणारही नाही. म्हणजे हात तोच, तेल तेच, कंगवा तोच, आणि एक बाई त्यानं लपते, दुसरी दिसते. बाहेरून बघणाऱ्या कार्यकर्त्याला दोघींतला फरक कळेल का? मला शंका आहे. माल्कमचा राग मला पटतो, पण तो सगळ्या डोक्यांना लावता येत नाही.

घरचं उदाहरण घ्या. आपल्या विहारातल्या मूर्तीकडं रोज हात जोडतो आपण. बुद्धाच्या डोक्यावर काय आहे? कुरळ्यांच्या ओळीच्या ओळी, गोगलगायीच्या शंखासारख्या उजवीकडं वळलेल्या. त्याला कुणी झिपरा म्हणत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवलेल्या बायांच्या कपाळावर बारीक कुरळ्या बटा आहेत, जुन्या संस्कृत काव्यात त्यांना ‘अलक’ असा लाडका शब्द आहे. भिंतीवर अलक, आणि कापूस वेचणाऱ्या पोरीच्या कपाळावर झिंज्या.

अमरावतीतल्या एका कापडाच्या दुकानात काउंटरवर पोरी पाहिजे होत्या. गिरणीत लागायच्या आधी मी गेले होते. मालकानं वर बघितलं नि म्हणाला, “चेहरा प्रसन्न पाहिजे, केस असे पिंजारलेले नाही चालायचे. कुठल्या वस्तीतून येता?” दोन वाक्यं एका दमात. माझ्या शेजारी जी बसली होती तिचे केस मोकळे, गाडीवरून आल्यानं विस्कटलेले. तिला त्यानं वस्ती विचारली नाही. तिचे केस वाऱ्यानं विस्कटले होते, माझे जन्मानं, असं त्याचं गणित असावं.

तिथं मला माझं उत्तर सापडलं. विस्कटलेलं राहायची सवलत कुणाला आहे ते बघा. सवर्ण घरातला पोरगा दाढी वाढवून, केस न विंचरता हिंडला की त्याला कलावंत म्हणतात, कविसंमेलनात बोलावतात. आपला तसाच आला तर दारातला माणूस विचारतो, काय काम आहे? प्राध्यापकीण बाई सुती साडी नि उडते केस घेऊन येते, ते साधेपण. माझ्या मायनं तसं जावं, ते गबाळेपण. मग केस बसवणारी पोर खोटं बोलते की खरं, हा प्रश्नच मी उलटा धरते. जिथं न बसवण्याची किंमत मोजावी लागते तिथं बसवणं ही तिची निवड मानता येत नाही. तिच्यावर खोटेपणाचा आरोपही करता येत नाही. खोटं बोलायला आधी खरं बोलायची मुभा पाहिजे. ती मुभा मिळवणं हे आपलं काम. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये कायदा झाला की केसांच्या मूळ ठेवणीवरून नोकरीत नि शाळेत भेदभाव करता येणार नाही. आपल्याकडं मालक ‘प्रसन्न चेहरा’ म्हणतो, आणि त्यावर कुठल्या कलमानं बोट ठेवायचं ते आपल्या वकील मित्रांनी सांगावं.

आणि ज्या मित्राला मोकळे केस हाच विद्रोह वाटतो त्याला एवढंच, की विद्रोहाचा गणवेश बाईच्या डोक्यावर शिवू नका. तुमच्या केसांवरून कुणी तुमचं लग्न मोडलेलं नाही.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बडनेरा स्टेशनवर नागपूरच्या गाडीला जी गर्दी होते ती बघितली आहे ना? मागच्या खेपेला फलाटाच्या नळावर एक म्हातारी होती, पांढरं पातळ नेसलेली. सोबत चार-पाच नाती. एकच फणी, एकच हातातला आरसा. ती एकेकीला पुढं घ्यायची, नळाच्या पाण्यानं बोटं ओली करायची नि कपाळावरची लव बसवायची. घाई नव्हती, रागावणं नव्हतं. एक पोरगी म्हणाली, “आजी, गाडीत पुन्हा उभेच होतात ना वं.” म्हातारी म्हणाली, “होऊ दे. दीक्षाभूमीवर पुन्हा बसवीन.” मी बराच वेळ बघत राहिले. कुणाची भीती म्हणून चाललेलं काम ते नव्हतं. नळाला पाणी होतं, नळ सगळ्यांचा होता, आणि आजीला नातींच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. या हाताला कुठल्या विचारधारेच्या रकान्यात टाकायचं, ते मला येत नाही.

धाकटी बहीण पदवीधर झाली. पुढच्या आठवड्यात तिची अमरावतीला एका कचेरीत मुलाखत आहे. तिचे केस माझ्याहून कुरळे. काल रात्री मी रातपाळीला निघताना तिनं विचारलं, “केस बसवून जाऊ का तसेच?” म्हटलं, तुझं तू ठरव. ती म्हणाली, “भाषण नको देऊ, तू काय केलं असतं ते सांग.” म्हटलं, मुलाखतीला बसवले असते. नोकरी लागल्यावर पहिला पगार हातात येईपर्यंत बसवले असते. “आणि मग?” मग एक दिवस तसेच सोडून गेले असते, आणि कोण काय म्हणतं ते वहीत लिहून ठेवलं असतं. ती हसली, वही कुठली घेऊ म्हणाली. माझ्याकडं एक कोरी होती, ती दिली.